नोकरीचा अर्ज : खरे लिहा, पण पूर्ण लिहा

आमच्या वस्तीतील बरीच मुले-मुली नोकरीचा बायोडाटा तपासून घ्यायला संध्याकाळी माझ्याकडे येतात. झेरॉक्सच्या दुकानात कुणाचा तरी जुना बायोडाटा कॉम्प्युटरमध्ये पडून असतो. त्यातले नाव-पत्ता बदलला की काम झाले. मग नुकत्याच बारावी झालेल्या मुलाच्या कागदावर 'टॅलीचे ज्ञान', 'इंग्रजीवर प्रभुत्व', 'दोन वर्षांचा अनुभव' हे सगळे आपोआप येऊन बसते. छंद तर सगळ्यांचे एकच, वाचन आणि क्रिकेट!

अशा मुलाने खोटे लिहिले म्हणण्यापेक्षा सहीपूर्वी वाचलेच नाही, असे म्हणावे लागेल. पण मुलाखत घेणारा साहेब तसे समजत नाही. 'टॅली येते ना, मग एक जर्नल व्हाउचर करून दाखवा,' एवढे तो म्हणाला की पुढचे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. अनुभवाच्या तारखाही आता लपत नाहीत. २०१४ पासून प्रॉव्हिडंट फंडाला यूएएन नंबर आला. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो आणि आधीच्या कंपनीत कधी लागलो, कधी सोडले, याची नोंद त्या खात्यात असते. मध्ये वर्षभर खंड पडला असेल, तर मित्राच्या दुकानाचे खोटे प्रमाणपत्र जोडू नये. 'आईच्या आजारपणामुळे घरी होते,' हे एक वाक्य पुरते.

सरकारी नोकरीत निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो. अटक झाली होती का, खटला चालू आहे का, असे प्रश्न त्यात असतात. मोर्चात, बंदमध्ये आपली पोरे पुढे असतात. जानेवारी २०१८ च्या बंदच्या वेळीही अनेकांवर गुन्हे दाखल झाले. निर्दोष सुटलो, मग कशाला लिहायचे, असे पालकच सांगतात. हा सल्ला घातक आहे. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की, विचारलेली माहिती खरीच दिली पाहिजे, मग शिक्षा झालेली असो वा सुटका. तरुणपणी घोषणा देण्यासारखी क्षुल्लक बाब असेल, तर ती लपवल्याची चूकही नियुक्ती अधिकारी माफ करू शकतो. मात्र करेलच असे नाही. गुन्हा गंभीर असला, तर खरे लिहूनही नोकरी नाकारण्याचा अधिकार त्याला राहतो. म्हणून खटल्याचा नंबर आणि निकालाची प्रत जवळ ठेवावी आणि विचारले तेवढे लिहावे.

आता एक अवघड गोष्ट. आडनाव आणि वस्तीचा पत्ता वाचून अर्ज बाजूला पडतो, अशी आपल्या मुलांची तक्रार असते. ती खोटी नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे, फक्त आडनावे वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणून काय आडनाव बदलून लिहायचे? मुळीच नाही. दाखल्यावर एक आणि अर्जात दुसरे, याने माणूस कायमचा अडकतो. पण खाजगी नोकरीच्या बायोडाटात जात, धर्म, वडिलांचा धंदा लिहिण्याची काही गरज नसते. न विचारलेले न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. राखीव जागेच्या अर्जात मात्र जातीचा रकाना दाखल्याप्रमाणे अक्षरशः भरावा.

माझा अनुभव असा की, आपले लोक फुगवून लिहितात त्यापेक्षा केलेले काम गाळतात जास्त. जयंती मंडळाची वर्गणी आणि हिशेब चार वर्षे सांभाळणारा मुलगा 'अनुभव : नाही' असे लिहितो. पगार मिळाला नाही म्हणजे ते कामच नव्हे, अशी त्याची समजूत! आमच्या शेजारच्या ताईंनीही तेच केले होते. बचत गटाचे रजिस्टर, बँकेचा भरणा, कर्जाचे हप्ते सहा वर्षे त्या बघत होत्या. ते साध्या दोन ओळींत लिहून अर्ज दिला. मुलाखतीत त्यांना शिक्षणाबद्दल फारसे विचारलेच नाही. हप्ता थकवणाऱ्या बाईकडून पैसे कसे वसूल करता, एवढेच विचारले. त्यावर ताई पंधरा मिनिटे बोलत होत्या.