चेंडू नसलेली माणसं

वॉर्मअप सुरू आहे. आधी कानात भरतो तो बुटांचा आवाज. लाकडी फ्लोअरवर पाय रोवला की कर्र, वळला की पुन्हा कर्र. गोंदियाजवळ फुलचूरला घरच्या टीव्हीवर हा आवाज कॉमेंटरीखाली दबून जातो. इथे, अगदी वरच्या रांगेतही, तो स्पष्ट पोचतोय.

५ ऑक्टोबर २०१९, शनिवार. वरळीचा एनएससीआय डोम. एरवी इथे यू मुम्बाची कबड्डी रंगते; आज समोर आहेत इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. बास्केटबॉलच्या एनबीए लीगचे संघ भारतात येऊन खेळण्याची ही पहिलीच खेप. मी तेरा वर्षांचा. काल दुपारी बाबांसोबत गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस धरली, लोंब्या धरलेल्या धानाच्या बांध्या खिडकीतून बघत निघालो, आणि सकाळी सीएसएमटीला मामा घ्यायला उभा होता.

मामेभाऊ शेजारी बसलाय, त्याचा घसा पार बसलाय. तो काल इथेच होता. कालचा सामना शाळकरी मुलांसाठीच राखलेला : ज्युनियर एनबीए कार्यक्रमातल्या ७० शाळांची ३,००० मुलं. सामना ओव्हरटाइमपर्यंत ताणला गेला आणि पेसर्स १३२-१३१ असे एका गुणाने जिंकले. अशा सामन्यात ओरडून घसा बसणारच.

‘किंग्जचे मालक रणदिवे आहेत, विवेक रणदिवे. इथेच मुंबईत जन्मले,’ मामा सांगतो. बाबा एकदम सावरून बसतात. इतका वेळ त्यांना दोन्ही संघ सारखेच होते. आता किंग्ज आपले.

मला मात्र सगळेच आपले. फॉक्स, हील्ड, टर्नर, साबोनिस ही नावं मला तोंडपाठ आहेत. पण टीव्हीवर सगळेच उंच असल्यामुळे उंची कळतच नाही. खाली एका खेळाडूजवळ चेंडू उचलून देणारा पोरगा उभा आहे, त्याचं डोकं खेळाडूच्या कोपराशी येतं. रिंग तीच, दहा फुटांवर. आमच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर तिला जाळीसुद्धा नाही. इथे ती उंच वाटतच नाही. तीन गुणांची रेषा मात्र आमच्यापेक्षा मागे आहे, समोर जवळजवळ चोवीस फूट, आणि ही माणसं तिच्याही मागून मारतायत.

सामना सुरू होतो. पहिली काही मिनिटं माझे डोळे चेंडूमागेच धावतात, टीव्हीने तीच सवय लावलेली. मग एकदा चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात असताना माझी नजर अलीकडेच राहते. पेसर्सचा धिप्पाड सेंटर बास्केटखाली उभा आहे आणि ओरडतोय. एक हात आपल्या माणसाच्या पाठीवर, दुसरा हवेत डावीकडे. त्याच्या पुढच्या गार्डला मागचं काही दिसत नाहीये; किंग्जचा एक जण त्याच्या वाटेत भिंत घालून उभा राहतोय. आरोळी कानावर पडताच गार्ड मान न वळवता खांदा आत घेतो, त्या भिंतीच्या कडेने निसटतो आणि पुन्हा आपल्या माणसासमोर हजर. चोवीस सेकंदांचं घड्याळ संपत येतं, शॉट घाईत जातो, चुकतो.

टाळ्या रिबाउंड घेणाऱ्याला पडतात. मला त्या सेंटरला टाळ्या द्यायच्या आहेत, एकट्यालाच का होईना, आणि मी देतो.

‘काऊन बे? चेंडू तर त्याच्याजवळ नव्हताच,’ मामेभाऊ फाटक्या आवाजात म्हणतो. मी त्याला पुढच्या वेळी दाखवतो. मग आम्ही दोघंही चेंडू सोडून बाकीचे नऊ जण बघू लागतो. बेंचवरचेसुद्धा उभे राहून हाका देतायत. कुणी गप्प नाही. आम्ही शाळेत गप्प खेळतो. ज्याच्या हातात चेंडू तो धावतो, बाकीचे ‘दे ना, दे ना’ करतात.

शेवटच्या क्वार्टरपर्यंत निकाल लागल्यातच जमा आहे. पेसर्स १३०-१०६ जिंकतात. बाबा हळहळतात.

बाहेर पडताच मी बाबांचा फोन घेऊन आमच्या क्रीडाशिक्षकांना लावतो.

‘किती उडतात रे?’ सरांचा पहिला प्रश्न.

‘सर, ते बोलतात. डिफेन्सला सगळे सतत बोलतात.’

‘काय बोलतात?’

‘कोण कुठून येऊन राहिला, ते. ज्याला दिसतं तो सांगतो. ज्याला दिसत नाही तो ऐकतो.’

सर क्षणभर थांबतात. मग म्हणतात, ‘पोहोचला की टीमपुढे उभं राहून तूच सांग. मी सांगितलं तर ऐकत नाहीत.’