स्टार्टर पेटीतला जुगाड जिवावर बेतू शकतो. मोटर चालू करण्याआधी हे पाच धोके ओळखा

विहिरीवरची दहा-पंधरा वर्षं जुनी स्टार्टर पेटी उघडली, तर आत कंपनीचं सामान कमी आणि आपला जुगाड जास्त दिसतो. पाण्याची पाळी चुकू नये, पीक वाळू नये म्हणून रात्री-अपरात्री केलेलं ते काम असतं. मोटर चालू होते, पाणी येतं आणि 'नंतर नीट करू' म्हणत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. पण थ्री फेज लाईनमध्ये ४१५ व्होल्ट असतात आणि आपण पेटीजवळ बहुतेक वेळा ओल्या पायानंच उभे असतो.

१) फ्यूजच्या जागी जाड तार : ५ एचपीची मोटर चालू असताना साधारण साडेसात ते दहा अँपिअर करंट घेते. त्यापेक्षा फार जास्त करंट गेला की फ्यूज तार वितळावी आणि लाईन तुटावी, हेच तिचं काम. फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये केबलची जाड तार भरली, की ती वितळतच नाही. मग वितळते ती मोटरची वाइंडिंग, नाहीतर केबल. फ्यूज सारखा उडत असेल तर दोष फ्यूजचा नाही, पुढं कुठंतरी बिघाड आहे.

२) बटणात खोचलेली काडी : स्टार्टरमधली कॉइल जळाली की काही जण पट्टी दाबून लाकडाचा तुकडा अडकवतात. ओव्हरलोड रिले कॉइलची लाईन तोडूनच मोटर बंद करतो. पट्टीच अडकवली, तर रिले असून नसल्यासारखा. एक फेज गेला तरी मोटर गुरगुरत राहते आणि जळते.

३) ऑटो स्विच : लाईट आली की मोटर आपोआप चालू. सोय वाटते, पण लाईट गेलेली असताना कुणी पेटीत हात घातला आणि तेवढ्यात लाईट आली तर? शिवाय सगळ्या शिवारातल्या मोटरी एकाच वेळी सुरू झाल्या की डीपीवर एकदम लोड येतो. डीपी जळाली की पाणी सगळ्यांचंच बंद.

४) पिशवी गुंडाळलेला जॉइंट : तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडली की जॉइंट हळूहळू सैल होतो, तापतो. वरचं प्लास्टिक वितळतं आणि उघडी तार पेटीच्या पत्र्याला टेकते.

५) अर्थिंग नाही, किंवा अर्थिंगवर बल्ब : अर्थिंग नसेल तर पत्र्यात करंट उतरला तरी मोटर चालूच राहते. मोटर पाणी देते म्हणजे पेटी धोक्याची नाही, असं समजू नका. त्याहून वाईट म्हणजे एक फेज आणि अर्थिंगची तार घेऊन लावलेला बल्ब. ती अर्थिंगची तार जमिनीजवळ तुटली, की बल्बमधून आलेला करंट तिला जोडलेल्या सगळ्या पत्र्यात उतरतो.

मग करायचं काय?

पेटी उघडण्याआधी मेन स्विच बंद करा, टेस्टरनं तिन्ही फेज तपासा. कपॅसिटर असेल तर लाईट बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो, हे विसरू नका. फ्यूज तार मोटरच्या अँपिअरप्रमाणेच घ्या. कॉइल आणि रिले बदलण्याचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या. अर्थिंगसाठी अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप कोळसा-मीठ घालून पुरा आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओता. डीपीवर स्वतः फ्यूज टाकायला चढू नका; महावितरणच्या १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवा.

कुणी चिकटलं तर

धावत जाऊन हात लावू नका, नाहीतर एकाचे दोन होतात. आधी मेन बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडानं त्याला तारेपासून बाजूला करा. १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरानं आणि भराभर दाबत राहा, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका.

नवी कॉइल, फ्यूज तार आणि वायरमनची मजुरी मिळूनही जळालेली मोटर भरून घेण्यापेक्षा स्वस्तात पडतं. आणि रात्रपाळीच्या लाईटला अंधारात त्या पेटीला हात लावणारा आपल्याच घरातला असतो.