काडीमोडीची वाटणी आणि विलायतेतला बॅरिस्टर

दोन भावांची वाटणी तुम्ही पाहिली आहे. बांध मोजतात, विहिरीच्या पाळ्या ठरतात, गोठ्यातली जनावरे वाटून घेतात. पण वाटणी नवराबायकोची असली तर? ती कशी करायची?

विलायतेत या कामाचे खास बॅरिस्टर असतात. बॅरिस्टर हा शब्द आपल्याला नवा नाही. महात्मा गांधी बॅरिस्टर होते, डॉक्टर आंबेडकरही होते. दोघेही त्यासाठी लंडनला शिकले. तिकडे वकिलांचे मुख्य दोन प्रकार. अशील बहुधा आधी सॉलिसिटरकडे जातो; तो कागदपत्र गोळा करतो. मग न्यायाधीशापुढे बाजू मांडतो तो बॅरिस्टर. त्यांच्यातही कोणी खुनाचे खटले चालवतो, कोणी फक्त घरसंसाराचे.

घटस्फोटासाठी तिकडे २०२२ सालापासून एकमेकांचे दोष सिद्ध करावे लागत नाहीत. खरा कज्जा पैशाचा! दोघांनीही आपले घर, जमीन, शिल्लक, कर्ज, पेन्शन, सगळे छापील फॉर्मात लिहून द्यायचे. मुद्दाम लपवाछपवी केली आणि ती उघडकीस आली, तर झालेला निकालही फिरू शकतो. आपण सातबारा वाचतो ना, तसे बॅरिस्टर हे कागद ओळीन् ओळ वाचतो. पैसा आला कुठून? गेला कुठे? अमकी जमीन ऐन भांडणात भावाच्या नावावर का झाली? शेताची किंमत कोणी ठरवली?

आता एका शेतकरी जोडप्याचीच हकीगत सांगतो. इंग्लंडात सॉमरसेट नावाचा परगणा आहे. तिथे या दोघांचा भागीदारीत दूधधंदा होता. १९६१ साली लग्न झाले, तीन मुले झाली. बाई घर सांभाळून शेतीतही राबली. तेहतीस वर्षांनी संसार मोडला. दोघांची मिळून मालमत्ता भरली सुमारे ४६ लाख पौंड.

पहिल्या न्यायाधीशाने काय पाहिले? बाईला राहायला आणि जगायला किती लागेल, एवढेच. त्या हिशेबाने तिच्या वाट्याला ९ लाख ८० हजार पौंड आले. बाकीचे नवऱ्याचे. बाई म्हणाली, मी काय पोटापुरती राबले? वरच्या कोर्टाने १५ लाख दिले. मग दोघेही त्याच्याही वर गेले. तिला निम्मे हवे होते, त्याला पहिलाच निकाल हवा होता.

तेव्हाचे सगळ्यांत वरचे न्यायालय म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्स. त्याने २००० साली निकाल दिला. कमावणारा मोठा आणि घर सांभाळणारी धाकटी, असा भेद न्यायालयाने करू नये. वाटणी ठरवली की ती निम्म्या-निम्म्याच्या मापाने ताडून पाहावी. कमीजास्त असेल तर त्याला चांगले कारण हवे. इथे कारण होते. शेत उभे करताना नवऱ्याच्या वडिलांनी पैशाची मदत केली होती. म्हणून बाईला निम्मे मिळाले नाही. १५ लाखच कायम राहिले. मला विचाराल तर, पैशापेक्षा ते माप मोठे. तेव्हापासून तिकडचे बॅरिस्टर त्याच मापावर भांडतात.

आपल्या इकडे असे नाही, हे ध्यानात असू द्या. आपले कोर्ट पोटगी ठरवते. नवऱ्याच्या नावच्या जमिनीत निम्मा वाटा आपोआप मिळत नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज अमलापासूनचा कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तिथे सहसा दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो.

बॅरिस्टरची फी भारी असते बरं का, आणि ती त्याच वाटणीतून जाते! म्हणून तिकडे शेवटच्या सुनावणीआधी एक बैठक होते. एक न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो आणि निकाल कसा लागेल याचा आपला अंदाज सांगतो. तिथे पटले नाही, तर दावा दुसऱ्या न्यायाधीशापुढे जातो. पटले, तर पुढची फी वाचते.