हयातीचा दाखला आणि हिवाळ्याचे ऊन

झाशीचा नगरा भाग म्हणजे रेल्वेवाल्यांची वस्ती. १८९५ साली सुरू झालेल्या वॅगन दुरुस्ती कारखान्यापासून या शहरात रेल्वेची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. इथल्या निवृत्तांचा हंगाम सुरू होतो नोव्हेंबरात, तोही बँकेच्या दारात! पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला द्यावाच लागतो. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावरही निघतो. पण रांगेत जुना सोबती भेटतो, कोण गेले तेही तिथेच कळते. मग धुके हटले, की उन्हात खुर्च्या, शेंगदाणे आणि पंजाब मेल किती लेट याची चर्चा.

हे झाले पुरुषांचे. घरातली चूल कधी निवृत्त होत नाही. मराठी घरांत संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, पण विधवेला बोलावणे कितीजणी धाडतात? कुटुंब पेन्शनसाठी तिलाही दाखला द्यावा लागतो. तेवढीच तिची वर्षाची भेटगाठ ठरावी, हे बरे नव्हे. रेल्वेचा पास तिलाही मिळतो. त्यावर झेलम एक्स्प्रेसने पुण्याला मुलाकडे जाता येते. मात्र तिथल्या गच्चीवर ऊन असले, तरी नगऱ्यातली शेजारीण नसते.