जुने फर्निचर निवडताना

आपल्या सभासदांपैकी अनेक कुटुंबे गेल्या काही वर्षांत चाळीतून, भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या सदनिकेत राहावयास गेली, ही समाधानाची गोष्ट आहे. घर झाले की पाठोपाठ प्रश्न येतो तो फर्निचरचा. नवे सागवानी सामान खिशाला परवडत नाही आणि भुशाच्या फळ्यांचे स्वस्त सामान पाणी लागले की फुगते. साहजिकच पावले जुन्या बाजाराकडे वळतात. मुंबईत चोर बाजारातील मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवरा परिसर, पुण्यात जुना बाजार ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. तेथे काय घ्यावे आणि आपल्याला काय शोभेल, याविषयी स्वानुभवाच्या आधारे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. दुकानदार सरसकट सर्वच जुन्या मालाला ‘अँटिक’ म्हणतो. व्यापारात साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू अँटिक आणि त्याहून अलीकडची, पण आपल्या काळाची ओळख जपणारी वस्तू ‘व्हिंटेज’ समजली जाते. आपल्याकडे १९७२ च्या केंद्रीय कायद्यानेही कलाकुसरीच्या वस्तूंसाठी किमान शंभर वर्षांचीच मर्यादा घातली असून अशी पुरावस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी विकता येत नाही. मात्र तीस-चाळीस वर्षांची वस्तू नुसतीच ‘जुनी’ असू शकते. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिच्यासाठी अँटिकचा भाव देऊ नये.

आता माझी फजिती सांगतो. पगारवाढीची थकबाकी एकरकमी हातात आली, तेव्हा मी शिसवी लाकडाचे एक नक्षीदार कपाट घेतले. वरती मोराची कमान, खाली सिंहाचे पंजे. दुकानात ते राजासारखे दिसत होते. आमच्या इमारतीच्या जिन्यावर मात्र ते वळेना. शेवटी सुटे करून वर आणले, त्यात एक पंजा तुटला. खोलीत मांडले तेव्हा अर्धी खिडकी झाकली गेली आणि त्या खिडकीशी बसून अभ्यास करणारी माझी दहावीतील मुलगी स्वयंपाकघरात गेली. येणारे-जाणारे वाहवा करीत. ती मात्र कुकरच्या शिट्ट्या ऐकत गणिते सोडवी. सहा महिन्यांनी तोटा सोसून कपाट विकले. फर्निचर ही पाहण्याची नव्हे, वापरण्याची वस्तू आहे, हा धडा मला असा महागात पडला.

म्हणून खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोण वापरणार? ती कोठे राहणार? आणि तेथपर्यंत पोहोचणार कशी? दुकानात जाताना खोलीची, दरवाजाची व जिन्याच्या वळणाची मापे कागदावर लिहून न्यावीत. टेप खिशात असावी. मोठ्या दालनात बेताची दिसणारी वस्तू दहा बाय बाराच्या खोलीत डोंगराएवढी होते.

काही उदाहरणे घेऊ. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचे अतिशय कोरीव फर्निचर तयार होत असे. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणून ते जगभर प्रसिद्ध आहे. ते उंच छताच्या बंगल्यांसाठी घडलेले होते. कारागिरी थोर, परंतु वजन प्रचंड आणि नक्षीतली धूळ काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. याउलट इराणी हॉटेलांत दिसणारी वाकवलेल्या लाकडाची खुर्ची पाहा. मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये अशा खुर्चीचा जो प्रसिद्ध नमुना बाजारात आणला, तो अवघ्या सहा लाकडी भागांचा व मोजक्या स्क्रूंचा होता. एका हाताने उचलता येणारी ही खुर्ची लहान घराला फार सोयीची. तिसरे उदाहरण चंडीगढचे. १९५० च्या दशकात त्या नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी पिअर जानेरे यांच्या देखरेखीखाली सागवान व वेताच्या साध्या खुर्च्या बनल्या. पुढे कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या आणि परदेशातील लिलावांत त्यांनाच लाखो रुपये मिळू लागले. त्या खुर्च्यांवर कोणी राजा बसला नव्हता. माझ्यासारखे कारकून बसले होते!

घराइतकाच विचार स्वभावाचाही करावा. ज्यांच्याकडे सतत माणसांची ये-जा असते, त्यांनी अवजड सोफ्याऐवजी लांब लाकडी बाक घ्यावा. चार माणसे बसतात, रात्री एक जण झोपतो. वाचनाची आवड असलेल्याने लांब हातांची वेताची आरामखुर्ची घ्यावी, पण ती लांबीला जागा फार घेते हे ध्यानात ठेवावे. ज्यांची नोकरी बदलीची आहे, त्यांनी सुटे होणारे सामान पाहावे. ज्यांना पुसण्या-झटकण्याचा कंटाळा आहे, त्यांनी नक्षीच्या वाटेला जाऊ नये. विद्यार्थ्याच्या टेबलाची उंची सुमारे तीस इंच व खुर्चीच्या बैठकीची सुमारे अठरा इंच असावी. मूल लहान असेल तर पाय टेकण्यास पाट द्यावा.

आता पारख. कप्पा पूर्ण बाहेर काढून मागची व खालची बाजू पाहावी, कारण दर्शनी भागाला पॉलिश चढवून कोणीही फसवू शकतो. जुन्या चांगल्या कामात लाकडाची जीभ दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवलेली असते. नुसते खिळे ठोकलेले नसतात. अधिकच्या चिन्हाचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. शंभर वर्षांपूर्वीच्या म्हणून सांगितलेल्या कपाटात ते दिसले, तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा थाप आहे. बारीक गोल भोके दिसल्यास वस्तू ठोकून पाहावी. खाली ताजा पिवळसर भुसा पडला, तर कीड अजून जिवंत आहे. वेताच्या विणीत व सांध्यांत ढेकूण बघावेत. खुर्चीवर बसून, डोलून खात्री करावी. सैल सांधा सुतार नीट करतो. वाळवीने पोखरलेला पाय बदलावाच लागतो. वाहतूक, दुरुस्ती व पॉलिश यांचा खर्च किमतीत मिळवल्याखेरीज सौदा स्वस्त की महाग हे ठरवू नये.

घरी आणल्यावर घाईने मशीनने घासू नये. चपड्याच्या जुन्या पॉलिशवर पाणी वा गरम भांडे ठेवल्यास पांढरा डाग उठतो, म्हणून कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि वस्तू ओलीच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी.

शेवटी एक मनातली गोष्ट. वडिलोपार्जित फर्निचर हा शब्द आपल्यातील बहुतेकांच्या घरात नव्हता. माझ्या आजोबांना गावच्या पाटलासमोर बाजेवर बसण्याची मुभा नव्हती. गिरणीत लागल्यावर वडिलांनी पत्र्याची एक पेटी घेतली. तिच्यात कपडे राहत आणि तिच्यावर वही ठेवून मी पदवीपर्यंत शिकलो. त्यामुळे दुसऱ्याच्या वाड्यातले नक्षीदार कपाट घेताना मी खरे पाहता लाकूड विकत घेत नव्हतो, त्यांचा रुबाब विकत घेत होतो. तो माझ्या घरात मावला नाही, हे बरेच झाले.

कपाट विकून आलेल्या पैशांतून एका कार्यालयाच्या लिलावातले सागवानी टेबल आणि वेताची खुर्ची घेतली. टेबलावर शाईचा एक जुना डाग आहे. तो मी काढू दिला नाही. खिडकी मोकळी झाली. मुलगी तेथेच बसून बारावी झाली, आता धाकटा बसतो. वडिलांची पत्र्याची पेटी रंग देऊन त्याच टेबलाखाली ठेवली आहे. तिच्यात मुलांची जुनी पुस्तके असतात. आमच्या घरातले अँटिक म्हणाल तर तेच.

तेव्हा वाचकहो, जुने जरूर घ्या, पारखून घ्या. पण पाहुण्याने काय म्हणावे यापेक्षा आपल्या घरातले मूल कोठे बसून वाचणार, हा विचार आधी करा. आणि माळ्यावरची एखादी पेटी, पाट वा स्टूल भंगारवाल्याला देण्यापूर्वी ते कोणी, कोणत्या कमाईतून घेतले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना एकदा अवश्य विचारा.