शेताच्या नावाचे विमान

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर फवारणीचा ड्रोन वर गेला की आजही बांधावरची माणसे हातातले काम ठेवून वर पाहतात. उसाच्या फडात पाठीवर पंप घेऊन शिरणे किती जिकिरीचे असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या यंत्राचे मोल सांगावे लागत नाही. त्याची पूर्वपीठिका मात्र केवळ शेतीत किंवा लष्करात नाही. मोकळ्या माळावर छोटी विमाने उडवणाऱ्या हौशी लोकांच्या छंदातही ती आहे. जमिनीवर उभे राहून रेडिओ लहरींनी विमान वळवणे, चार-पाच किलोच्या सांगाड्यात इंजिन, इंधन आणि नियंत्रणाची साधने बसवणे, वाऱ्यात त्याचा तोल राखणे, हे प्रश्न ही मंडळी कित्येक दशके सुटीच्या दिवशी, पदरमोड करून सोडवत आली.

नगर जिल्ह्यालाही मानवरहित विमाने परकी नाहीत. २००९ मध्ये ‘निशांत’ या मानवरहित विमानाने भारतात विकसित झालेल्या वँकेल इंजिनावर कर्नाटकात कोलार येथे उड्डाण केले. त्या इंजिनाच्या निर्मितीत बंगळूरच्या संस्थांबरोबर नगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता.

या छंदाची दुसरी बाजू आरोग्याची आहे. विमान उडवणे हा सहसा एकट्याचा खेळ राहत नाही. एक जण रिमोट धरतो, दुसरा विमान हाताने फेकतो, तिसरा आकाशात नजर ठेवून ‘डावीकडे घे’ म्हणून ओरडतो. वीस-तीस वर्षे असे एकत्र गेल्यावर एके दिवशी त्यांतला एक जण कायमचा जातो. मागे राहिलेल्यांच्या तब्येतीवर त्याचा काय परिणाम होतो, याकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष अलीकडेच गेले आहे.

३८ तास ५२ मिनिटे

अमेरिकेतील मेनार्ड हिल हे या छंदातले जगभर आदराने घेतले जाणारे नाव. पेशाने ते धातुशास्त्रज्ञ. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. वातावरणातील विद्युत क्षेत्राचा आधार घेऊन लहान विमान हवेत समतोल ठेवण्याची पद्धत त्यांनी १९७०च्या दशकात विकसित केली होती. छोट्या विमानांचे वीसहून अधिक जागतिक विक्रम त्यांच्या नावावर होते.

उतारवयात त्यांनी एकच ध्यास घेतला. आपल्या हातचे विमान अटलांटिक महासागर ओलांडून गेले पाहिजे. तोवर त्यांची दृष्टी इतकी अधू झाली होती की कायद्याच्या व्याख्येत ते अंध होते. ऐकूही फार कमी येत होते. तरीही बाल्सा लाकडाचा सांगाडा ते बोटांनी चाचपत जोडत राहिले. जे दिसत नव्हते ते सोबती पाहून सांगत. २००२ मधले प्रयत्न फसले. विमाने समुद्रात गेली. ही मंडळी पुन्हा कामाला लागली.

९ ऑगस्ट २००३ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधील केप स्पिअर येथून सुमारे सहा फूट पंखांचे, पाच किलोच्या आतले एक विमान सोडण्यात आले. ११ ऑगस्टला ते आयर्लंडमध्ये क्लिफ्डनजवळच्या मॅनिन किनाऱ्यावर उतरले. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन हे दोन वैमानिक कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडून याच क्लिफ्डनजवळ उतरले होते. हिल यांच्या विमानाने ३८ तास ५२ मिनिटांत ३,०२८ किलोमीटर कापले. इंधन लागले ते पावणेचार लिटरपेक्षा कमी, म्हणजे लिटरमागे ८०० किलोमीटरहून अधिक!

ते उतरवताना रिमोट हिल यांच्या हातात नव्हता. ते पलीकडच्या किनाऱ्यावर होते. आयर्लंडमध्ये विमान उतरवले ते डेव्ह ब्राऊन या सहकाऱ्याने. विमानाचे नाव होते ‘द स्पिरिट ऑफ बट्स फार्म’. लिंडबर्ग यांच्या १९२७ मधल्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ची आठवण करून देणारे हे नाव, पण त्यात शहराच्या जागी शेत होते. बीचर बट्स नावाच्या गृहस्थांच्या शेतावर या विमानांच्या चाचण्या झाल्या होत्या. विक्रमाच्या नोंदीत वजन, अंतर आणि वेळ राहते. ज्याने आपले रान मोकळे करून दिले त्याचेही नाव राहावे, याची सोय हिल यांनी विमानाच्या नावातच करून ठेवली. जून २०११ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी हिल गेले. त्यांच्या नावाबरोबर बट्स यांच्या शेताचे नाव आजही निघते.

सुतक कोणाला?

आपल्याकडे मृत्यूनंतरचे दिवस कसे काढायचे याची चौकट ठरलेली आहे. सुतक भावकीला लागते. दहाव्याला नदीकाठी कोण पुढे बसणार, कोणाला टोपी-टॉवेल द्यायचा, हे ठरलेले असते. तीस वर्षे दर रविवारी सोबत असलेला छंदातला मित्र या चौकटीत कुठेच बसत नाही. तो दहाव्याला येतो, मागच्या रांगेत बसतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातो. घरचे म्हणतात, ‘मित्रच तर होता.’

अशा दुःखाला मानसशास्त्रात मान्यता न मिळालेले दुःख म्हणतात. अमेरिकेतील केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकात ही संकल्पना मांडली. दुःख असते, पण ते करण्याचा हक्क समाज देत नाही. त्यामुळे ते बोलले जात नाही आणि अंगात मुरत राहते.

त्याचा परिणाम मोजताही आला आहे. ऑस्ट्रेलियातील २६,५१५ लोकांच्या १४ वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९,५८६ जणांनी या काळात किमान एक जवळचा मित्र गमावला होता. त्यांचे शारीरिक आरोग्य, मानसिक स्वास्थ्य आणि लोकांत मिसळणे यांवर झालेला वाईट परिणाम चार वर्षांपर्यंत दिसून आला. ज्यांचा लोकांत वावर आधीच कमी होता, त्यांना तो जास्त जाणवला. दहाव्यानंतर पूर्वीसारखा कामाला लागलेला माणूस सावरला आहे, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

दुसरीकडे, छंदाचा फायदाही मोठ्या आकडेवारीत दिसतो. १६ देशांतील ६५ वर्षे आणि त्यावरील ९३,२६३ लोकांची माहिती एकत्र करून २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी, तर आनंद आणि जगण्याचे समाधान जास्त आढळले. छंदामुळेच हे घडते असे अशा पाहणीतून ठामपणे म्हणता येत नाही. पण सोबती गेला म्हणून छंदही सुटला, तर माणसाचे दुहेरी नुकसान होण्याची शक्यता आहे.

निम्मे ज्ञान दुसऱ्याच्या डोक्यात

छंदातल्या मित्राचे जाणे वेगळे का जाणवते, याचे एक उत्तर डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाच्या कामात मिळते. दीर्घकाळ सोबत राहिलेली माणसे आठवणींचीही वाटणी करतात, असे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. एकाला रस्ते लक्षात राहतात, दुसऱ्याला माणसांची नावे. कोणती गोष्ट कोणाला ठाऊक आहे एवढेच दोघे लक्षात ठेवतात. त्यांतला एक गेला की दुसऱ्याचे निम्मे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

छोट्या विमानाच्या बाबतीत हे अगदी रोकडे नुकसान असते. विमान हवेत नीट राहायचे तर त्याचा गुरुत्वमध्य ठरावीक जागी यावा लागतो. साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर. नाक जड झाले तर विमान सुस्त उडते. शेपूट जड झाली तर ते एकदाच उडते, असे या छंदातले लोक गमतीने म्हणतात. हा हिशेब पुस्तकात सापडतो. पण अमुक विमानाच्या नाकात किती शिसे घातले होते, थंडीच्या सकाळी त्याच्या इंजिनाची सुई किती फिरवायची, दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा उठू लागली की कोणत्या बाजूने उतरायचे, हे सोबत्यालाच माहीत असते.

शिकवण्याची पद्धतही जोडीचीच आहे. नवशिक्याचा आणि गुरूचा असे दोन रिमोट एकमेकांना जोडतात. गुरू एक खटका दाबून धरतो तोवर विमान शिष्याच्या हाती असते. ते कोसळू लागले की गुरू खटका सोडतो आणि ताबा त्याच्याकडे येतो. शिष्य तयार होत जातो तशी खटका सोडण्याची वेळ कमी येते. शेवटी दुसरा रिमोट लागतच नाही, पण गुरू शेजारी उभा असतोच. येवल्याच्या संक्रांतीत पतंग एकाच्या हातात आणि आसारी दुसऱ्याच्या हातात पाहिलेल्यांना ही सोबत समजावून सांगावी लागणार नाही.

कपाटातले सामान

असा माणूस गेल्यावर घरात जे उरते त्याची काळजी आरोग्याच्या दृष्टीनेही घ्यावी लागते. घरच्यांना या वस्तूंची माहिती नसते आणि आठवण म्हणून त्या तशाच ठेवल्या जातात.

विमानांच्या आणि ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या सर्वांत जोखमीच्या. फुगलेली, दबलेली किंवा वेष्टन फाटलेली बॅटरी चार्ज करू नये. ती पेट घेऊ शकते. लाकडी कपाटात किंवा कपड्यांजवळ ती ठेवू नये, टोचू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच ती द्यावी. छोट्या इंजिनांच्या ‘ग्लो’ इंधनात मिथेनॉल असते. ते पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते भरून ठेवलेले असेल तर लगेच वेगळे काढावे. चुकून कोणी ते प्याले तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. विमानाचा पंखा फिरवून पाहण्यापूर्वी बॅटरी काढलेली असावी. बोटांना होणाऱ्या जखमा इथेच होतात.

या कामासाठी त्याच्या छंदातल्या मित्रालाच बोलवावे. कोणती वस्तू धोक्याची, कोणती मोलाची आणि कोणती नुसतीच लाडकी, हे त्याला कळते. शिवाय मित्राला घरच्यांच्या दुःखात हक्काची जागा मिळते, ती वेगळीच.

आठवण चालती ठेवणे

गेलेल्याला विसरून ‘पुढे जा’ हा सल्ला पूर्वी मानसोपचारातही दिला जाई. १९९० च्या दशकापासून हे मत बदलले. गेलेल्या माणसाशी असलेले नाते तुटत नाही, ते रूप बदलते. हे बदललेले नाते सांभाळणे अनेकांना सावरायला मदत करते, असे आता मानले जाते. छंदाच्या जगात याचे मार्ग सोपे आहेत. त्याचे अर्धवट राहिलेले विमान पूर्ण करावे. नव्या विमानाला त्याचे नाव द्यावे. त्याला ठाऊक असलेल्या खाचाखोचा सगळ्यांनी मिळून आठवून वहीत उतरवाव्यात. घरच्यांची संमती असेल तर त्याची अवजारे एखाद्या शाळेला द्यावीत. थर्मोकोलचे साधे ग्लायडर बनवताना मुलांना वजन, तोल आणि वारा यांचे विज्ञान आपोआप कळते.

रविवारची भेट मात्र मोडू देऊ नये. विमान उडवायची इच्छा नसली तरी चहाला जमावे. इंजिन किंवा मोटर लावलेले विमान उडवायचे असेल, तर केंद्र सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर आपला परिसर हिरव्या क्षेत्रात आहे का हे आधी पाहावे. नगर परिसरात लष्कराचे के. के. रेंज हे सराव क्षेत्र असल्याने इथे ही खातरजमा विशेष गरजेची आहे.

दुःख ओसरायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. तरीही सहा महिने उलटल्यावर त्याची तीव्रता तशीच असेल, झोप आणि भूक उडाली असेल, रोजची कामे जमत नसतील, तर तज्ज्ञाची मदत घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाची आता स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगणे नकोसे वाटत असेल तर सहा महिने थांबू नये, त्याच दिवशी बोलावे. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

बाकीच्यांसाठी काम छोटे आहे. आपल्या घरात, आळीत असा एखादा सोबती गमावलेला माणूस असेल तर ‘मित्रच तर होता’ हे वाक्य टाळावे. त्याऐवजी ‘तुमचे ते विमानवाले मित्र कसे होते हो?’ एवढे विचारावे आणि उत्तर ऐकायला तासभर वेळ हाताशी ठेवावा.