न्यायासन आणि जमाव

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात, जेथे मराठी आणि कन्नड एकाच घरात बोलल्या जातात आणि जुन्या दस्तऐवजांत फारसी शब्द पावलोपावली भेटतात, तेथे चार माणसांनी बसून तंटा तोडण्याची रीत काही इंग्रजांनी आणलेली नव्हे. दख्खनच्या गोतसभेत वतनाचे नि शिवेचे कज्जे चालत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार बसत. निर्णयाचा महजर, म्हणजे लेखी निवाडा, होई आणि त्यावर पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू अशा निशाण्या उमटत. या संस्थेचे खरे शहाणपण मात्र मला वेगळ्याच कलमात दिसते: आपल्या गावचे गोत प्रबळ पक्षाच्या दडपणाखाली आहे अशी शंका आल्यास फिर्यादी वा प्रतिवादी परस्थळ मागू शके आणि कज्जा दुसऱ्या गावच्या गोतापुढे जाई.

इंग्रजी अमदानीतील ज्यूरी ही या सभेचे दूरचे भावंडच म्हणावे लागेल. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सामान्य नागरिकांनी साक्षीपुरावा ऐकावा, न्यायाधीशांनी कायदा समजावून सांगावा आणि वस्तुस्थितीचा निर्णय नागरिकांनी द्यावा, अशी तिची रचना होती. १९०८ साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात सात युरोपीय व दोन हिंदी ज्यूरर बसले आणि सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, पण बाहेरच्या लोकक्षोभाचा स्पर्श आत बसलेल्या बहुमताला होण्याचे कारणच नव्हते.

१९५९ मध्ये चित्र उलटले. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल रोजी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. खटला सेशन्स न्यायाधीश रतिलाल मेहता यांच्यापुढे, नऊ ज्यूररांसह चालला. रूसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीची बाजू अशी उचलून धरली, की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. न्यायालयाबाहेर गर्दी दाटे आणि रस्त्यावर विक्रेते 'नानावटी रिव्हॉल्व्हर' नावाची खेळणी व 'आहुजा टॉवेल' विकत. ज्यूरर मुंबईचेच रहिवासी होते. आठ विरुद्ध एक मतांनी त्यांनी आरोपीस निर्दोष ठरविले, तेव्हा न्यायाधीश मेहतांनी तो निर्णय पुराव्याशी विपरीत मानून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे ११ मार्च १९६० रोजी दोषसिद्धी झाली आणि सर्वोच्च न्यायालयात २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम झाली. मेहतांचे हे धैर्य मला त्या खटल्यातील सर्वांत आदरणीय कृत्य वाटते, कारण त्या दिवशी त्यांच्यासमोर केवळ नऊ माणसे नव्हे, सारे शहर उभे होते. नानावटी खटल्यानेच ज्यूरी गेली हा समज अपुरा आहे; १९५८ मध्येच विधी आयोगाच्या चौदाव्या अहवालाने ती रद्द करण्याची शिफारस केली होती. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेत तिला स्थानच उरले नाही.

ज्यूरी गेली, जमाव गेला नाही. १३ जुलै २०१८ रोजी बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात हैदराबादहून आलेल्या मित्रांनी मुलांना चॉकलेटे दिली, मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून त्यांच्यापुढे धावली आणि मुरकी गावाजवळ अडविलेल्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात जाताच जमावाने दगड उचलले. एक तरुण मेला, बाकीचे जखमी झाले, त्यांना सोडवू पाहणाऱ्या पोलिसांनाही मार बसला. येथे साक्ष नव्हती, उलटतपास नव्हता, परस्थळ मागण्याइतका अवधीही नव्हता; आणि एखाद्या परक्याने मुलाला खाऊ देणे हा आपल्या भागात अपराध ठरावा, याचे दुःख सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसाला व्हायला हवे. चारच दिवसांनी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी निर्देश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जापेक्षा खालचा नसलेला अधिकारी नेमावा, अशा खटल्यांसाठी जलदगती न्यायालये असावीत आणि शक्यतो सहा महिन्यांत निकाल लागावा. त्या निर्देशांची अंमलबजावणी बिदरच्या कचेरीइतकीच औरादच्या पोलीस ठाण्यातही व्हावी लागेल, कारण अफवा कचेरीत नव्हे, गावच्या पारावर जन्मते.